मुंग्या, मज्जातंतू आणि सुई

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात तळवडे येथे दिलेले व्याख्यान)



यंदा आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली व ती मी शिरसावंद्य मानली. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन, मुलांना पाढे, शुद्धलेखन आणि भूगोल शिकविण्यात उभी हयात घालविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु जाणत्यांनी जे अभ्यासून लिहून ठेवले आहे ते लक्षपूर्वक वाचावे आणि आपल्या माणसांना साध्या मराठीत समजावून सांगावे, हे शिक्षकाचे कामच आहे. तेवढेच मी आज करणार आहे.

विषय थोडा अवघड आहे. कर्करोगावर जी औषधे शिरेतून दिली जातात त्यांना केमोथेरपी म्हणतात. घरोघरी त्याचे 'केमो' झाले आहे. या औषधांनी कित्येकांचे प्राण वाचतात; परंतु ती घेतल्यावर पुष्कळांच्या हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आग होते. ही पीडा शमविण्यास ॲक्युपंक्चर म्हणजे बारीक सुया टोचण्याची चिनी चिकित्सा उपयोगी पडते काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मला विचारला आहे. कोणी म्हणतो, सुयांनी सारे बरे होते. कोणी म्हणतो, हे सारे थोतांड आहे. सत्य या दोहोंच्या मध्ये कोठे आहे, ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हे दुखणे काय आहे ते पाहू. आपल्या शरीरात मेंदू आणि पाठीचा कणा यांपासून निघून मज्जातंतू बोटांच्या टोकांपर्यंत गेलेले असतात. विजेच्या खांबावरून घरापर्यंत तार यावी तशी ही रचना समजावी. ऊन, थंडी, टोचणे, खडबडीत की गुळगुळीत, ही सर्व वार्ता हे तंतू मेंदूस पोहोचवितात. यांतील सर्वांत लांब तंतू पायांच्या बोटांपर्यंत जातात, आणि ज्याची लांबी अधिक त्यास इजाही आधी होते. म्हणून मुंग्या पायांच्या बोटांपासून सुरू होतात, मग तळव्यांवर चढतात आणि पुढे हातांच्या बोटांतही दिसू लागतात. पायांत मोजे आणि हातांत हातमोजे घालावेत नेमक्या तेवढ्याच भागात ही बधिरता असते, असे वर्णन डॉक्टर करतात.

सर्वच औषधांनी असे होते असे नाही. स्तनाच्या कर्करोगावर पुष्कळदा दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल, आतड्याच्या कर्करोगावरील ऑक्सॅलिप्लॅटिन, तसेच सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन आणि बोर्टेझोमिब ही या बाबतीत विशेष प्रसिद्ध आहेत. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्या माणसाने माठातील गार पाणी प्यायले तरी त्याच्या घशात विलक्षण संवेदना होते आणि गार भांड्यास हात लावला तरी बोटे झिणझिणतात. प्लॅटिनमयुक्त औषधांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की औषध थांबल्यानंतरही काही महिने बधिरता वाढत राहू शकते. रोग गेला, औषध संपले, तरी पाय का बिघडत चालले, म्हणून घरची माणसे घाबरतात. त्यांनी हे कारण ध्यानात ठेवावे.

हे दुखणे किती जणांस होते? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करण्यात आले. त्यांत केमो संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के, तीन महिन्यांनी ६० टक्के आणि सहा महिन्यांनी किंवा त्याही पुढे सुमारे ३० टक्के रुग्णांस ही पीडा असल्याचे आढळले. याचा अर्थ पुष्कळांचे दुखणे हळूहळू ओसरते. परंतु दहांतील तिघांचे लवकर जात नाही. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, असे आपण म्हणतो. येथे तर हत्ती निघून जातो आणि मुंग्याच मागे राहतात.

या मुंग्यांना क्षुल्लक समजू नये. आपले तळवडे एके काळी शेतीचे गाव होते. आज कारखाने आणि संगणकाची कार्यालये यांनी ते वेढलेले आहे. चाकण, भोसरी, निगडी या टापूत आपल्या मंडळाची शेकडो माणसे यंत्रावर काम करतात. ज्याच्या बोटांना बोल्टचे आटे कळत नाहीत, लेथवर तापलेला तुकडा कळत नाही, त्याची भाकरी आणि त्याची बोटे अशी दोन्ही संकटात असतात. घरी भाकरी थापणाऱ्या भगिनीस तव्याची धग कळली नाही तर चटका बसून फोड आल्यावरच समजते. पायांची जाणीव गेल्याने माणूस अंधारात अडखळतो, जिन्यावर पडतो. म्हातारपणी असे पडणे म्हणजे मांडीचे हाड मोडणेही होय. एका बाजूस देहू आणि दुसऱ्या बाजूस आळंदी अशा पुण्यभूमीत आपण राहतो. ज्येष्ठात पालख्या निघाल्या की घराघरांतून माणसे वारीला जातात. बधिर पायांनी अनवाणी चालणाऱ्यास खडा रुतला, फोड फुटला, तरी कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर धावपळ होते.

एवढे असूनही रुग्ण ही गोष्ट सांगत नाहीत. माझ्या नात्यातील एका भगिनीने चार फेऱ्या होईपर्यंत बोटांची बधिरता कोणासही कळू दिली नाही. तिची समजूत अशी होती की हे सांगितले तर डॉक्टर औषध कमी करतील आणि रोग उलटेल. वस्तुतः औषधाचे प्रमाण, दोन फेऱ्यांतील अंतर किंवा औषध बदलणे हे सारे डॉक्टरांस वेळीच ठरविता यावे, यासाठीच त्यांना ही माहिती हवी असते. या इजेस टाळणारे खात्रीचे औषध अद्याप सापडलेले नाही. म्हणून वेळेवर सांगणे हाच आजचा सर्वांत मोठा बचाव आहे.

न सांगण्यामागे दुसरेही एक कारण आहे आणि ते आपल्या ज्ञातीने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. घरात कर्करोग आहे असे कळले तर मुलीच्या स्थळाला बाधा येईल, या भीतीने कित्येक कुटुंबे आजार दडवितात. रुग्णास रात्री अंधारात दवाखान्यात नेतात, शेजाऱ्यांस गुडघेदुखी सांगतात. कर्करोग स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही. बहुतांश कर्करोग आईबापांकडून मुलांकडे येतात असेही नाही. जो रोग लपविला जातो त्याचे उपद्रवही लपविले जातात, आणि लपविलेल्या उपद्रवावर इलाज होत नाही. वधूवरांची स्थळे सुचविणारे हेच मंडळ ही भीती घालविण्याचे कामही करू शकेल.

आता सुईकडे वळू. या चिकित्सेचा आपल्या महाराष्ट्राशी अप्रत्यक्ष पण अभिमानास्पद संबंध आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाने गांजलेल्या चीनच्या साहाय्यासाठी भारतातून पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू हे होते. कोटणीस मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. रणभूमीवर जखमींची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते चीनमध्येच निवर्तले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेला चित्रपट आपल्या वडिलांच्या पिढीने पाहिलेला होता. कोटणीस हे शल्यविशारद होते. सुयांची चिकित्सा त्यांनी इकडे आणली असे कोणी सांगितल्यास ते खरे नव्हे. ती आणली त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनमध्ये गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यास परतून त्यांनी ती सुरू केली. पुढे लुधियाना येथे कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालयही उभे राहिले. अशा रीतीने सोलापूरच्या सुपुत्राचे नाव या चिकित्सेशी जोडले गेले आहे.

या चिकित्सेत केसासारख्या बारीक, भरीव सुया कातडीतून थोड्या आत घालून वीस ते तीस मिनिटे तशाच ठेवतात. त्यांतून कोणतेही औषध आत जात नाही. हातापायांच्या मुंग्यांसाठी गुडघ्याखाली चार बोटे अंतरावर नडगीच्या बाहेरच्या अंगास, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात, तसेच हातापायांच्या बोटांच्या बेचक्यांत सुया टोचण्याची पद्धत आहे. चिनी परंपरा याची उपपत्ती शरीरातून वाहणाऱ्या प्राणशक्तीच्या मार्गांनी सांगते. आधुनिक संशोधक ती मज्जातंतूंच्या भाषेत सांगतात. सुईने तंतू उद्दीपित झाले की वेदना कमी करणारी द्रव्ये शरीर स्वतःच निर्माण करते, असा त्यांचा कयास आहे. १९७० च्या दशकातील काही प्रयोगांत अफूजन्य द्रव्यांचा प्रभाव रोखणारे नॅलॉक्सोन हे औषध दिले असता सुईचा गुण कमी झालेला दिसला. त्यावरून या कयासास आधार मिळाला. काट्याने काटा काढावा ही म्हण आपणास ठाऊक आहे. येथे सुईने मुंग्या काढण्याचा यत्न आहे.

यत्न आहे हे खरे. यश किती, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या प्रख्यात कर्करोग रुग्णालयातील एका चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तीत केमोनंतर मुंग्या व वेदना राहिलेल्या ७५ रुग्णांचे तीन गट पाडले. पहिल्या गटास आठ आठवड्यांत दहा वेळा खऱ्या सुया टोचल्या. दुसऱ्यास सुई टोचल्याचा केवळ आभास दिला. तिसऱ्यास नेहमीचेच उपचार चालू ठेवले. शून्य ते दहा या मापावर पहिल्या गटाची वेदना सुमारे पावणेदोन अंकांनी उतरली, आभासाच्या गटाची सुमारे एक अंकाने, आणि तिसऱ्या गटाची जवळजवळ उतरलीच नाही. बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेतील तज्ज्ञांनीही त्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ४० स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत आठ आठवड्यांत १८ वेळा सुया टोचल्यावर त्यांच्या तक्रारी कमी झाल्या.

आता नाण्याची दुसरी बाजूही शिक्षकाने दाखविलीच पाहिजे. पहिल्या चाचणीत आभासानेही थोडा गुण आला, हे आपण विसरू नये. कोणी आपल्याकडे लक्ष देतो, अर्धा तास शांत पडून राहावयास मिळते, यानेही वेदना हलकी होते. शिवाय या चाचण्या लहान आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मुंग्या येण्यापूर्वीच, केमो चालू असताना, विजेच्या सूक्ष्म प्रवाहासह सुया टोचून त्या टाळता येतील काय हे पाहिले. टाळता आल्या नाहीतच. उलट औषध संपून चार आठवडे झाल्यावर सुया घेतलेल्या स्त्रियांची वेदना अधिक असल्याचे दिसले. म्हणजे झालेली पीडा शमविणे ही एक गोष्ट, आणि ती होऊ न देणे ही दुसरी. पहिलीसाठी काही आशा आहे. दुसरीसाठी सुईवर विसंबू नये.

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली त्यांत या वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन या एकाच औषधाची शिफारस केली, तीही माफक गुणाची म्हणून. ॲक्युपंक्चर व व्यायाम यांपासून लाभ संभवतो, परंतु मोठ्या चाचण्या हव्यात, असे म्हटले. २०२२ साली कर्करोगातील वेदनेविषयी दिलेल्या सूत्रांत मात्र अशा वेदनेसाठी सुया देऊन पाहण्यास हरकत नाही असे सांगितले, आणि पुरावा अजून दुबळा आहे हेही स्पष्ट केले. ज्या गोष्टीचा पुरावा दुबळा ती खोटीच असते असे नाही. परंतु तिच्यासाठी घर गहाण टाकू नये, एवढे निश्चित.

यास्तव माझे सांगणे एवढेच आहे. सुई ही वेदनेची सोबतीण होऊ शकते. कर्करोगाचा इलाज ती नव्हे. सुयांनी गाठ विरघळते, केमोची गरज राहत नाही, असे जो सांगेल त्याच्या दारातून तत्काळ परत फिरावे. केमो सोडून सुयांच्या मागे लागलेला रुग्ण जो काळ गमावतो तो पुन्हा मिळत नाही. बधिरतेवर सुयांचा गुण वेदनेइतका दिसेलच असेही नाही. आग, ठणका, टोचणी कमी होणे हीच मुख्य आशा धरावी.

ज्यास ही चिकित्सा घेऊन पाहावयाची असेल त्याने पुढील पथ्ये पाळावीत. प्रथम आपल्या कर्करोगतज्ज्ञाची लेखी संमती घ्यावी. केमो चालू असता रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतील तर सुईच्या छिद्रातूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो. रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी असतील तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ताजी रक्ततपासणी दाखवावी. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातास सुई टोचू देऊ नये. हृदयात पेसमेकर बसविलेला असल्यास विजेचा प्रवाह लावू देऊ नये. सुया बंद पाकिटातून समोर काढलेल्या, एकदाच वापरावयाच्या असाव्यात. वापरलेल्या सुयांतून काविळीचा जंतू एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातो. बधिर भागावर शेक, धुरी किंवा तापविलेली वस्तू लावू देऊ नये, कारण पोळलेले कळत नाही.

सुई टोचणारा कोण, हेही पाहावे. महाराष्ट्र शासनाने या चिकित्सेसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आहे आणि त्याखाली चिकित्सकांची नोंदणी करणारी परिषद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ साली या पद्धतीस मान्यता दिली. तेव्हा भिंतीवर टांगलेल्या चौकटीतील नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. आठ-दहा वेळा सुया घेऊनही काडीचा फरक पडला नाही तर ती थांबवावी. श्रद्धेच्या भरात महिनोन्‌महिने पैसा ओतू नये.

सुई न घेताही घरी करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यास पैसा लागत नाही. रोज रात्री दिव्याच्या उजेडात दोन्ही तळवे पाहावेत; वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवास पाहावयास सांगावे. स्नानाचे पाणी बोटांनी न अजमावता कोपराने अजमावावे. घरातही मऊ, मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत. देवळात उन्हाने तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नये, देव त्यासाठी रागावणार नाही. मोरीत पाणी साचू देऊ नये, रात्री वाटेवर दिवा ठेवावा. तवा उचलताना फडक्याची सवय लावावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालणे आणि तोल सांभाळण्याचे सोपे व्यायाम करावेत. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवावी, कारण तोही याच तंतूंना पोखरतो. आणि औषधांच्या दुकानातून 'नसांची ताकद' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. ब-सहा जीवनसत्त्वाचा अतिरेक स्वतःच मज्जातंतूंना इजा करतो, आणि ॲसिटिल-एल-कार्निटिन या द्रव्याने मुंग्या टळण्याऐवजी वाढल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले आहे.

यंत्रावर काम करणाऱ्या बंधूंनी आपली बधिरता पर्यवेक्षकास सांगून काही काळ कमी धोक्याचे काम मागावे. कामगार राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगारास कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, सेवेच्या व वर्गणीच्या ठरावीक अटी पुऱ्या होत असल्यास, वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित आजारभत्ता मिळू शकतो. हा हक्क आहे, भिक्षा नव्हे. चिंचवडच्या मोहननगरातील विमा रुग्णालयात त्याची चौकशी करावी.

शेवटी मंडळास तीन विनंत्या करून मी आपली रजा घेतो. पहिली, आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून केमोसारख्या मूळ उपचारास अग्रक्रम द्यावा. सुयांसाठी साहाय्य द्यावयाचे झाल्यास कर्करोगतज्ज्ञाचे पत्र आणि चिकित्सकाचा नोंदणी क्रमांक पाहूनच द्यावे. दुसरी, केमोच्या दिवशी एकट्या रुग्णासोबत जाण्यास तयार असलेल्या तरुण-तरुणींची यादी मंडळाच्या कार्यालयात असावी, आणि सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांसमोर एक प्रश्न हटकून विचारावा, "यांच्या बोटांना मुंग्या येतात, काय करावे?" तिसरी, वधूवर सूचक मेळाव्यात कर्करोगाविषयी दोन खुलासेवार शब्द दरवर्षी कोणा डॉक्टरांकडून बोलवून घ्यावेत.

आपल्या घरांत ज्यांना हे दुखणे असेल त्यांनी आज घरी गेल्यावर ते आपल्या माणसांस सांगावे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांस सांगावे, एवढीच या निवृत्त शिक्षकाची गुरुदक्षिणा समजावी. परमेश्वर सर्वांस आरोग्य देवो, ही प्रार्थना करून मी आपले भाषण संपवितो.